निम्मी खते

घाटनांदूरच्या आमच्या घरी आजोबांच्या लाकडी पेटीत एक जुने खत आहे. गावातल्याच एका शेतकऱ्याने बैलजोडीसाठी पैसे घेतले होते, त्याचे. मुदत कधीच उलटून गेली; कोर्टात ते उभे राहायचे नाही. तरी वडील ते फाडत नाहीत आणि पैसेही मागत नाहीत. त्या शेतकऱ्याचा मुलगा मात्र अजून आमच्या ओसरीवर चढत नाही. ते खत हाती आले की मला देहूचे तुकोबा आठवतात. संत तुकोबांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी लिहितो आहे तो सावकार तुकोबांविषयी.

बोल्होबा आणि कनकाई यांचे ते मधले पुत्र. जन्म सर्वसाधारणपणे १६०८ चा मानतात. घरी शेती, महाजनकी, दुकान आणि देवघेव. थोरले सावजी विरक्त निघाले, म्हणून धंद्याचा भार कोवळ्या वयातच तुकोबांवर पडला. आईवडील गेले. मग १६२९-३१ चा भयंकर दुष्काळ आला. दिवाळे निघाले, पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. तुकोबा भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे कान्होबा त्यांना शोधीत तेथे पोहोचले.

त्यानंतर इंद्रायणीकाठी काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते तुकोबांनी डोहात बुडविली. पण सगळी नव्हेत! आधी त्यांनी वाटणी केली, निम्मी खते कान्होबांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी पाण्यात सोडली. कीर्तनकार हा भाग एका वाक्यात उरकतात. मला मात्र तोच मोठा वाटतो. माणूस दुसऱ्याच्या पैशावर फार लवकर उदार होतो, आणि कान्होबांना तर प्रपंच करायचा होता. १८७२ च्या करार कायद्याच्या ६३ व्या कलमाने येणेकऱ्याला काहीही मोबदला न घेता येणे सोडून देता येते; पण ते स्वतःचे येणे.

हीच कसोटी लावली तर तुकोबांच्याच चरित्रातली दुसरी कथा मला अडते. दुसऱ्या पत्नी जिजाबाई यांनी आपल्या नावाने खत लिहून देऊन दोनशे रुपये उभे केले. तुकोबा ते भांडवल घेऊन बालेघाटात, म्हणजे आमच्याच डोंगरपट्ट्यात, व्यापाराला गेले. दोनशेचे अडीचशे झाले. परतीच्या वाटेवर कर्जापायी गांजलेला एक माणूस भेटला आणि सारी रक्कम त्याला देऊन ते रिकाम्या हाताने घरी आले. असे जुनी चरित्रे सांगतात. खत मात्र जिजाबाईंच्या नावावरच राहिले. कीर्तनात येथे त्यांच्या संतापावर हशा पिकतो. मला हसू येत नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, दंगा पसरला आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. तेथे देणेकऱ्यांनी खते हिसकावून घेतली होती. देहूत सावकारानेच ती सोडली. कुळाला कोणाच्या दारी जावे लागले नाही, की कोणापुढे मान खाली घालावी लागली नाही.

हे सारे मी उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांना सांगितले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले की आजोबांच्या खतात लातूरच्या काकांचाही निम्मा हिस्सा आहे. दिवाळीला ते आले म्हणजे त्यांना विचारू.