डोंगरीतले 101 दिवस

आगरकर म्हटलं की आपल्याला आठवतात समाजसुधारक आगरकर. बालविवाह, केशवपन, पाच मार्कांची टीप, संपलं. पण हा माणूस आधी पत्रकार होता, आणि एका संस्थानच्या कारभाऱ्याविरुद्ध लिहिलं म्हणून जेलमध्ये गेला होता. ते त्या टिपेत सहसा नसतं.

गोपाळ गणेश आगरकर 14 जुलै 1856 ला कराडजवळच्या टेंभूला जन्मले. घरची परिस्थिती बेताची. शिकायला कराडहून रत्नागिरीला चालत गेले, पुढे अकोल्याला. डेक्कन कॉलेजात असताना एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा. (हॉस्टेलवर आपणही हे करतो, पण आपलं कारण आळस!) शिकून झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी करणार नाही, हे त्यांनी आईला आधीच पत्रानं कळवून टाकलं होतं. 1881 च्या जानेवारीत 'केसरी' निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकर. इंग्रजी 'मराठा' टिळकांकडे.

तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, अगदी कोवळं पोर. त्यांना वेड लागलंय असं सरकारनं ठरवलं आणि पहाऱ्यात ठेवलं. आता वेड म्हणजे काय, हे आपल्या देवळाली कॅम्पवाल्यांनी तरी विचारायला हवं. इथल्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये बोटीची वाट बघून बघून गोरे सोल्जर इतके सैरभैर व्हायचे, की इंग्रजीत वेड्याला 'डूलॅली' म्हणायला लागले. कोंडून ठेवलं की कुणाचंही डोकं फिरेल ना!

महाराजांचा छळ होतोय, असं 'केसरी' आणि 'मराठा'नं लिहिलं आणि कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर बोट ठेवलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. बर्व्यांची म्हणून जी पत्रं पुढे आली होती, ती कोर्टात बनावट ठरली. इथे संपादक कमी पडले, हे मान्यच करायला हवं. पत्रं खरी की खोटी हे आधी तपासायला पाहिजे होतं. त्यांनी माफीही मागितली. तरी 17 जुलै 1882 ला दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. आगरकरांना 26 वर्षं पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते. खटला चालू असताना जामिनाची व्यवस्था करायला जोतीराव फुले धावून आले होते, हे मला विशेष वाटतं.

मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. म्हणजे आपलं जवळजवळ एक सेमिस्टर. तिथे आगरकरांनी 'हॅम्लेट'च्या मराठी भाषांतराचं काम केलं, तेच पुढे 'विकारविलसित' नावानं आलं. आम्हाला शाळेत 'हॅम्लेट' होतं. राजवाडा, राजपुत्र, तो खरंच वेडा आहे का याची चर्चा आणि चोहीकडे पाळत. कोल्हापूरपायी जेलमध्ये बसलेल्या माणसाच्या हातात नेमकं हेच नाटक होतं, हे लक्षात आल्यावर अंगावर काटा आला.

26 ऑक्टोबरला ते सुटले. पुढच्याच वर्षी, 25 डिसेंबर 1883 ला, महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. पहाऱ्यावरच्या गोऱ्या सोल्जरशी झटापट झाली होती. वय वीस, म्हणजे माझ्याएवढे. पत्रं खोटी निघाली, भीती मात्र खरी निघाली. लिहिणाऱ्यांना मात्र कोर्टानं आधीच शिक्षा देऊन टाकली होती.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर आगरकर चालत गेले त्याच रत्नागिरी जिल्ह्यात बघा. 6 फेब्रुवारी 2023 ला राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीनं उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविरुद्ध त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती, त्यालाच पोलिसांनी खुनाच्या आरोपाखाली पकडलं. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा तर महाराष्ट्र विधिमंडळानं 2017 मध्येच मंजूर केला होता.

आगरकरांना पुढे त्रास झाला तो आपल्याच लोकांकडून. टिळकांशी पटेना म्हणून 'केसरी' सोडला, 1888 मध्ये 'सुधारक' काढला. तेव्हा पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली! पेपर बंद पडला नाही. 1892 मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. दम्यानं आयुष्यभर छळलं, आणि 17 जून 1895 ला, चाळिशीही न गाठता ते गेले. अंत्यविधीच्या खर्चासाठी थोडे पैसे त्यांनी स्वतःच पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात.