बेलहेल्वीचे पाळक : रेव्ह. अलेक्झांडर जॉन फोरसाइथ

जबलपूरच्या रहिवाशांना दारूगोळ्याच्या कारखान्यांचे नावीन्य नाही. येथे १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना उभा राहिला. काडतुसाच्या बुडाशी जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंदीची एक धातूची वाटी बसवलेली असते. तिला प्रायमर म्हणतात. चाप ओढताच तिच्यावर आघात होतो, आतील मसाला पेटतो आणि त्याची ज्वाला काडतुसातील दारूपर्यंत पोहोचते. ती वाटी फसली तर उत्तम बंदूक आणि उत्तम दारू दोन्ही व्यर्थ. या इवल्याशा वस्तूचा उगम एका खेड्यातील पाळकाच्या घरी झाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

अलेक्झांडर जॉन फोरसाइथ यांचा जन्म २८ डिसेंबर १७६८ रोजी स्कॉटलंडमधील बेलहेल्वी येथे झाला. अॅबर्डीन शहराच्या उत्तरेस समुद्रकाठी हे खेडे आहे. वडील तेथील मंडळीचे पाळक होते. अॅबर्डीनच्या किंग्ज कॉलेजात शिक्षण झाल्यावर १७९१ साली पुत्राने पित्याची जागा घेतली व ती मरेपर्यंत सोडली नाही. उपासना आणि मंडळीची सेवा यांतून उरलेला वेळ ते रसायनशास्त्रात, यंत्रांच्या खटपटीत आणि पाणपक्ष्यांच्या शिकारीत घालवीत.

त्या काळची बंदूक गारगोटीची. चाप ओढला की घोड्याच्या तोंडातील गारगोटी पोलादावर घासे, ठिणगी रंजकावर पडे आणि मग बंदुकीच्या कानातून आग आतील दारूला लागे. रंजक पेटल्याचा लखलखाट दिसताच पक्षी उडून जात, कारण बार निघेपर्यंत क्षणभर तरी अवकाश असे. दमट हवेत रंजक ओले होई आणि बार निघतच नसे. याला काही उपाय असावा, हा विचार फोरसाइथ यांच्या मनात घोळू लागला.

आघात होताच भडकणारी काही रासायनिक संयुगे तेव्हा ज्ञात होती. १८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने अशाच एका पारायुक्त संयुगाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. बंदुकीच्या दारूऐवजी ती वापरणे अशक्य होते, कारण त्यांच्या जोराने नळीच फुटे. फोरसाइथ यांनी वेगळी वाट शोधली. या भयंकर पदार्थाचा केवळ एक कण घ्यावा आणि दारू पेटवण्यापुरतेच काम त्याच्याकडे सोपवावे. घोड्याच्या आघाताने पेट घेणारी अशी बंदूक त्यांनी १८०५ साली तयार केली, शिकारीत वापरून पाहिली आणि पुढील वर्षी ती घेऊन ते लंडनला गेले.

शस्त्रखात्याचे प्रमुख लॉर्ड मॉइरा यांनी तिचे महत्त्व ओळखून त्यांना लंडनच्या प्रसिद्ध टॉवरमध्ये प्रयोगासाठी जागा दिली. परंतु १८०७ साली मॉइरा गेले, लॉर्ड चॅथम आले आणि या पाळकाला आपले सामान घेऊन निघून जाण्याचा हुकूम झाला. त्याच वर्षी फोरसाइथ यांनी एकस्व मिळवले. वाफेच्या यंत्राचे जेम्स वॉट यांनी त्यांना त्या कामी सल्ला दिला होता. शोधाचे रहस्य विकण्यासाठी नेपोलियनने वीस हजार पौंड देऊ केले व त्यांनी ते नाकारले, अशी आख्यायिका आहे. लंडनमध्ये त्यांच्या नावाची पेढी चालू झाली, नक्कल करणाऱ्यांविरुद्ध खटलेही लढवावे लागले. फोरसाइथ स्वतः मात्र बेलहेल्वीच्या आपल्या मंडळीकडे परतले.

पुढे इतरांनी त्यांच्या तत्त्वावरून तांब्याची छोटी टोपी बनवली. १८३४ साली वुलिच येथे दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून प्रत्येकी सहा हजार बार काढण्यात आले. गारगोटीच्या बंदुकीचे साडेसहा बारांमागे एक बार फुसका गेला. टोपीच्या बंदुकीचे प्रमाण एकशे सहासष्टांमागे एक होते. या आकड्यांचा अर्थ रणांगणावर काय होतो हे १८४१ च्या मे महिन्यात चीनमधील कँटनजवळ दिसले. मद्रासच्या ३७ व्या पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात शत्रूच्या वेढ्यात सापडली. शिपायांच्या गारगोटीच्या बंदुका निकामी झाल्या. टोपीच्या बंदुका घेतलेले नौसैनिक धावून आले, म्हणून ते वाचले.

१८४२ साली सरकारने वृद्ध फोरसाइथ यांना दोनशे पौंड दिले. ११ जून १८४३ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर आणखी एक हजार पौंड मंजूर होऊन नातलगांत वाटण्यात आले. ज्या टॉवरमधून त्यांना घालवून देण्यात आले, तेथेच आज त्यांच्या स्मरणार्थ फलक आहे.

शांतीच्या सुवार्तेचा सेवक आणि शस्त्राचा शोधक, हे दोन्ही एका मनुष्यात कसे नांदले? हा प्रश्न टाळता येत नाही. पक्षी टिपण्यासाठी केलेली युक्ती थोड्याच वर्षांत माणसे टिपू लागली. १८५७ साली ज्या एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांवरून असंतोष भडकला, ती टोपीचीच बंदूक होती. त्याच वर्षी १८ सप्टेंबर रोजी जबलपूर येथे राजा शंकरशाह व त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले आणि त्या रात्री ५२ वी पलटण बंड करून उठली. आपल्या हातून निघालेली वस्तू कोणाच्या हाती जाईल, यावर शोधकाची सत्ता राहत नाही. म्हणून त्याला निर्दोष ठरवण्याची घाई आपण करू नये आणि दोषी ठरवण्याचीही करू नये.

एक गोष्ट मात्र निश्चित शिकता येते. आजही प्रायमर निवडताना जाणकार त्याचा जोर किती हे आधी पाहत नाहीत. तो प्रत्येक वेळी, ओल्या हवेत व थंडीतही, सारखाच पेटेल काय, हे पाहतात. कोठडीत जपलेला मसाला आणि मंडळीत वाहिलेली बावन्न वर्षांची सेवा, दोहोंची परीक्षा एकच होती. मोठेपण नव्हे, तर भरवसा. फोरसाइथ यांना राजधानीने नाकारले तेव्हा बेलहेल्वीचे व्यासपीठ त्यांची वाट पाहत होते, आणि तेथे त्यांनी कोणाला कधी रिकामे परत पाठवले असे ऐकिवात नाही.