पंडिता रमाबाई : पाठांतर आणि आकलन

परीक्षा जवळ आल्या की शिरूर आणि दौंड परिसरातील आपल्या घरांतून पहाटे घोकंपट्टीचे स्वर ऐकू येतात. अशा वेळी आम्हांला याच दौंड तालुक्यातील केडगावी चिरविश्रांती घेत असलेल्या पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. त्या कॅथलिक नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि स्मरणशक्तीचा विषय निघाला असता या थोर शेजारणीला वगळणे उचित नव्हे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते. तीच विद्या लक्ष्मीबाईंनी कन्येला दिली. दिवसभर संसाराची कामे, म्हणून धडा पहाटे होई. झोपेने डोळे जड झालेल्या लेकीला आई मायेने उचलून जागी करी आणि पाखरांच्या किलबिलाटात श्लोक म्हणवून घेई. पुढ्यात पोथी नसे. आईने म्हणावे, मुलीने ऐकून म्हणावे. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत झाले होते, असे चरित्रकार सांगतात.

ही केवळ घोकंपट्टी होती असे आम्हांला वाटत नाही. वृत्ताची लय एका शब्दामागून दुसरा ओढून आणते आणि चुकलेले अक्षर कानाला खटकते. शिवाय पोथीच नसल्यामुळे प्रत्येक ओळ मनातून काढावी लागे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही महाविद्यालयीन तरुणांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. लक्ष्मीबाईंची रीत नेमकी हीच होती.

पुढे दुष्काळाने हे कुटुंब उद्ध्वस्त झाले. दागिने, भांडीकुंडी विकली गेली. वडील, आई व थोरली बहीण निवर्तली. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास यांच्यापाशी उरले ते केवळ कंठस्थ ज्ञान. त्याच बळावर १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

एवढे सारे पाठांतराने दिले असताना आपल्या विद्यार्थिनींसाठी त्यांनी निराळी वाट शोधली, हे विशेष. १८८६ साली अमेरिकेस गेल्यावर त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. वस्तू हाताळाव्या, चित्रे पाहावी, खेळातून शिकावे, अशी ती पद्धत. तिच्या आधारे मराठीत सचित्र वाचनमाला काढण्याचे कार्यही त्यांनी हाती घेतले. शब्द जसाच्या तसा हवा असेल तेथे लय आणि आवर्तन उपयोगी. अर्थ मनात ठसवायचा तर डोळे आणि हातही हवेत, असा भेद आम्हांला यात दिसतो. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, ते पुढे पुण्यास आले. नंतर दुष्काळग्रस्त मुलींसाठी केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. तेथे कन्या मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली.

अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या भाषांतरास वाहिली. हिब्रू व ग्रीक भाषांवरून, परंतु अल्पशिक्षित स्त्रीलाही समजेल अशा सोप्या मराठीत त्या लिहीत होत्या. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या, तरी काम थांबले नाही. ते पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ साली केडगावच्याच छापखान्यात छापून निघाला.