मारिया मेरियन

पावसाळ्यात डबक्याकाठी बेडकांचा आवाज घुमू लागला, की इतके बेडूक एकाएकी आले कोठून, असा प्रश्न कोणालाही पडतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातील पुष्कळ लोकांची अशी समजूत होती, की बेडूक चिखलातून व अळ्या कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात. अशा काळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून निर्णय करणाऱ्या थोड्या लोकांत मारिया सिबिला मेरियन यांची गणना होते.

मारियाचा जन्म १६४७ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी झाला. ती तीन वर्षांची असतानाच तिचे पितृछत्र हरपले. सावत्र वडील चित्रकार होते. त्यांनी तिच्या हाती कुंचला दिला. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले. अंडे, अळी, कोश आणि पतंग ही स्थित्यंतरे पाहून ती थक्क झाली. तेव्हापासून ती अळ्या गोळा करी, कोणती अळी कोणता पाला खाते याची नोंद ठेवी आणि प्रत्येक अवस्थेचे चित्र रेखाटी. पुढे विवाह झाला, दोन कन्या झाल्या. पण हा नेम सुटला नाही.

नंतर नेदरलँडमधील फ्रीसलंडच्या सखल, पाणथळ मुलखात राहत असता मारियाबाईंनी बेडकांचे निरीक्षण केले. अंड्यांतून शेपटीची पिले निघतात, त्यांना पाय फुटतात, शेपूट नाहीशी होते आणि बेडूक तयार होतो, हा क्रम त्यांनी टिपून ठेवला.

१६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपली चित्रे विकून त्यांनी पैसा उभा केला आणि धाकट्या कन्येसह दक्षिण अमेरिकेतील सुरीनामचा रस्ता धरला. तेथील मळेवाल्यांना साखरेपलीकडे काही दिसत नसे. ते बाईंची थट्टा करीत. गुलामगिरीत राबणारे आफ्रिकी लोक आणि मूळ रहिवासी यांनी मात्र त्यांना रानात वाट करून दिली व वनस्पतींचे उपयोग सांगितले. बाईंनी हे आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

तेथील पाण्यात त्यांना पिपा जातीची चपटी बेडकी आढळली. तिची अंडी तिच्याच पाठीच्या कातडीत रुततात आणि तेथूनच लहानगे बेडूक बाहेर पडतात! बाईंनी हे दृश्य हुबेहूब रेखाटले.

दमट उष्ण हवेने त्या आजारी पडल्या व १७०१ साली परतल्या. तरीही त्यांनी हाती घेतलेले काम टाकले नाही. १७०५ साली साठ चित्रांचा त्यांचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. १७१७ साली ॲमस्टरडॅम येथे त्यांचे निधन झाले. पुढे थोर शास्त्रज्ञ लिनियस यांनीही प्राण्यांचे वर्गीकरण करताना त्यांच्या चित्रांचा आधार घेतला. ज्या डबक्याकडे इतरांनी पाठ फिरविली, त्याच्या काठी ही बाई धीराने बसली. म्हणून तिला ज्ञान लाभले.