राखीव जागा आणि तिच्यासाठी तयार झालेला विद्यार्थी : राजर्षी शाहू छत्रपती



महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज भरताना किंवा नोकरीची जाहिरात वाचताना राखीव जागा हे दोन शब्द आपल्या दृष्टीस पडतात. कोणी त्याकडे आशेने पाहतो, तर कोणी नाक मुरडतो. परंतु हा विचार आपल्याच महाराष्ट्रातील एका संस्थानात प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आला आणि त्यात मुसलमान समाजालाही वाटा होता, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? म्हणून कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांचे चरित्र आपणांपुढे थोडक्यात मांडीत आहे.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक आले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व नंतर धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

कारभार हाती घेताच त्यांनी दरबारच्या नोकरांची यादी पाहिली. सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे लोक होते. उरलेल्या ११ जागांत बाकीची सारी प्रजा! मराठे, लिंगायत, जैन, मुसलमान, अस्पृश्य, सगळे त्यातच आले. याचे कारण उघड होते. ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या विद्या होती तेच परीक्षा पास होत आणि तेच नोकरीस लागत. शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या मुलाला कचेरीची पायरी चढण्याची उमेदच नव्हती. मग शाळेत तरी कशाला जायचे?

वाचकहो, हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. महाराजांच्या ध्यानात आले की, शिक्षणाचे फळ मिळेल असा विश्वास नसेल तर गरीब बाप मुलाला शाळेत घालणार नाही. तेव्हा २६ जुलै १९०२ रोजी करवीर दरबारचा प्रसिद्ध आदेश निघाला. त्यावेळी महाराज विलायतेत होते. त्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या, म्हणजे शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात, असे त्यात ठरविले होते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व समाज मागासलेले मानले गेले. म्हणजे मुसलमानही त्यात आले. आदेश नुसता कागदावर राहू नये म्हणून प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस आपल्या कचेरीचे पत्रक पाठवावे, असेही बंधन घातले. कोणाची चालू नोकरी मात्र काढून घेतली नाही.

या धोरणावर टीकाही पुष्कळ झाली. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर महाराजांशी वाद घालू लागले, तेव्हा महाराजांनी त्यांना घोड्यांच्या पागेत नेले, अशी कथा सांगितली जाते. सर्व घोड्यांपुढे एकत्र चंदी टाकताच दांडगे घोडे पुढे घुसले आणि अशक्त शिंगरे मागे उपाशी राहिली. चंदी पुरेशी असूनही ती सर्वांना मिळाली नाही. वकीलसाहेबांना उत्तर मिळाले.

परंतु महाराजांचा खरा मोठेपणा पुढेच आहे. जागा राखली, पण त्या जागेवर बसणारा शिकलेला मुलगा आणायचा कोठून? या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आदेशाच्या आधीपासूनच शोधावयास घेतले होते. खेड्यातला मुलगा कोल्हापुरात शिकायला आला तर राहणार कोठे आणि जेवणार काय? म्हणून १९०१ साली मराठा व जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. पुढे लिंगायत, अस्पृश्य, शिंपी, ख्रिस्ती अशा अनेक समाजांची वसतिगृहे महाराजांच्या आश्रयाने उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांचे शहर म्हटले जाऊ लागले ते यामुळेच.

आता आपल्या समाजाचे पहा. नोकरीत वाटा मिळाला १९०२ साली, पण आपल्या मुलांसाठी वसतिगृह निघाले ते १९०६ साली. महाराजांनी स्वतः पुढाकार घेऊन कोल्हापुरातील मुसलमान पुढाऱ्यांना एकत्र बोलाविले, मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. वसतिगृहाला जागा व पैसा दिला. दुसऱ्या धर्माचा राजा आपल्या तालीम संस्थेचा अध्यक्ष होतो, ही घटना लहान नव्हे. पवित्र कुराणाचे मराठीत भाषांतर व्हावे म्हणूनही त्यांनी खटपट केली. कोल्हापूरच्या दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग ही त्यांच्या औदार्याची साक्ष आहे.

१९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरविला. एक रुपया ही त्या काळी गरिबाला जड जाणारी रक्कम होती. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम काढला.

मुलींच्या बाबतीत त्यांनी आरंभ स्वतःच्या घरापासून केला. १९१८ साली त्यांचे धाकटे पुत्र शिवाजी यांचे अपघाती निधन झाले. विधवा सून इंदुमतीदेवी अगदी लहान वयाच्या होत्या. घरातील मंडळींचा विरोध असताही महाराजांनी त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. मुलीला सातवीनंतर घरी बसविणाऱ्या पालकांनी याचा जरूर विचार करावा.

नाशिककरांना तर महाराजांची आठवण अधिकच जवळची. एप्रिल १९२० मध्ये ते आपल्या शहरात आले आणि उदाजी मराठा विद्यार्थी वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला त्यांच्या हस्ते बसविण्यात आली. त्याच्या महिनाभर आधी माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांचा गौरव केला होता. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे वयाच्या ४७ व्या वर्षी महाराजांचे निधन झाले.

मित्रहो, अमेरिकेसारख्या प्रगत राष्ट्रात कृष्णवर्णीयांना समान संधी मिळावी म्हणून सरकारने खास प्रयत्न करावेत, असा अध्यक्ष केनेडी यांचा आदेश निघाला तो १९६१ साली. पुढे तेथील विद्यापीठे प्रवेश देताना विद्यार्थ्याचा वंशही विचारात घेऊ लागली. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. आपल्याकडे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने मागासवर्गांसाठी नोकऱ्यांत जागा राखण्याचा अधिकार सरकारला दिला. तरीही येथे न्यायालयात वाद चालू असतातच. कायदा बदलतो, टक्केवारी कमीजास्त होते. मात्र मुलाने एकदा मिळविलेली विद्या कोणत्याही निकालाने रद्द होत नाही.

याचा अर्थ हक्काकडे पाठ फिरवावी असा नव्हे. महाराष्ट्रात मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा अनेक मुसलमान जमाती इतर मागासवर्गांत समाविष्ट आहेत. परंतु दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा आणि जातीची नोंद लागते. शाळेच्या रजिस्टरात नुसते मुसलमान एवढेच लिहिलेले असेल तर ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. म्हणून पालकांनी मुलाचे नाव घालतानाच नोंद नीट तपासावी आणि वडील-आजोबांचे जुने दाखले जपून ठेवावेत.

शाहू महाराजांनी राज्याच्या बळावर जागा राखल्या, वसतिगृहांना हातभार लावला आणि शाळांची दारे उघडली. मूल रोज शाळेत जाते की नाही हे पाहणे आईबापांकडे आणि अभ्यास करणे मुलांकडे राहिले. आज मूल घरी ठेवल्याबद्दल कोणी रुपया दंड मागायला येत नाही, पण तो दंड त्या मुलाला जन्मभर भरावा लागतो. तेव्हा पालकहो, मुलगा असो वा मुलगी, यंदा आपल्या घरातील एकही मूल शाळा अर्धवट सोडणार नाही एवढा निश्चय करा. राजर्षींचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग नाही.