कोरड्या वर्षातल्या विहिरी

आजचा शास्त्रभाग: उत्पत्ती 26:1-22



आजच्या अध्यायाची सुरुवातच दुष्काळाने होते. मिसर देशात धान्य आहे, पण देव इसहाकाला तिकडे जाऊ नको म्हणतो. मग इसहाक काय करतो? त्याच कोरड्या देशात पेरणी करतो आणि विहिरी खणतो. बापाच्या काळातल्या पलिष्ट्यांनी बुजवलेल्या विहिरी तो पुन्हा उकरतो. नव्या विहिरीवर भांडण झालं की ती सोडून पुढची खणतो. एसेक, सितना आणि शेवटी रहोबोथ.

या भागावर आपण बहुतेक वेळा इसहाकाच्या सहनशीलतेबद्दल ऐकतो. मला मात्र हा अध्याय वाचताना हमखास पंडिता रमाबाई आठवतात. बायबल भाषांतरकार म्हणून आणि विधवांच्या कैवारी म्हणून आपण त्यांना ओळखतो. आज त्यांचं आयुष्य भाकरी आणि पाणी या बाजूने बघूया.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईने रमाला. कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं सांगत जगायचं. मग 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे पैसे संपले, भांडी विकली गेली, रानातला पाला खायची वेळ आली. वडील गेले, आई गेली, मोठी बहीणही गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या घरात विद्या भरपूर होती, पण हाताने काम करून पोट भरायची सवय कोणालाच नव्हती. मजुरी करणं कुळाला कमीपणाचं वाटायचं. पुढे रमाबाईंनी हे स्वतःच लिहून ठेवलं. हजारो श्लोक पाठ असलेलं कुटुंब भुकेपुढे हतबल झालं, हे त्या कधीच विसरल्या नाहीत.

पुढचा प्रवास तुम्हाला माहीत असेल. बहीणभाऊ पायी फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. भाऊ वारला. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, मनोरमा जन्मली आणि 1882 मध्ये वैधव्य आलं. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. मग अमेरिका, आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन. ते पुढच्या वर्षी पुण्याला हलवलं. 1893 मध्ये मुली ख्रिस्ती होतायत म्हणून मोठं वादळ उठलं, सल्लागार मंडळातल्या मान्यवरांनी राजीनामे दिले, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेतल्या मित्रांनी शारदा सदनाला दहा वर्षं मदत करायचं वचन दिलं होतं. ती मुदत 1898 ला संपणार होती. त्यानंतर काय? रमाबाईंनी प्रार्थना केली आणि जमीन शोधली. पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, रेल्वेलाईनजवळ केडगावला शंभरेक एकर माळ घेतला. फळझाडं लावायची आणि बागेच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा साधा हिशोब होता.

झाडं मोठी व्हायच्या आतच 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून उपासमारीच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंना स्वतःचं तरुणपण आठवलं असणार. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेगमुळे निर्बंध होते, एवढ्या जणींना ठेवणं शक्य नव्हतं. मग त्यांना थेट केडगावच्या शेतावर नेलं. तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. फळबागेसाठी घेतलेली जमीन अशी मुक्ती सदन झाली.

1899-1900 चा दुष्काळ आणखी भयंकर होता. यावेळी गुजरातमधूनही मुली आल्या. खाणारी तोंडं दोन हजारांच्या आसपास गेली, शिवाय शंभरावर गुरं. केडगावच्या काही विहिरी पार आटल्या. ज्या दोन विहिरींत थोडंफार पाणी होतं त्यांचा संध्याकाळपर्यंत तळ दिसायचा. उद्याचं काय, हा प्रश्न रोजचाच. आणि रोज सकाळी दिवसभर पुरेल इतकं पाणी पुन्हा भरलेलं असायचं.

मी इंजिनियर माणूस. दख्खनच्या काळ्या पाषाणात भेगांमधून पाणी झिरपतं आणि उपसलेली विहीर रात्रीतून थोडी भरते, हे मला माहीत आहे. पण म्हणून उपकारस्तुती कमी होत नाही. झरे देवाचे, आणि विहीर कोणीतरी आधी खणून ठेवलेली. इसहाकाच्या गोष्टीतही दोन्ही आहे: आशीर्वादही आणि कुदळही.

मुक्तीत नुसती पंगत वाढली जात नव्हती. मुली शिकत होत्या आणि सोबत शेतीकाम, गुरांची देखभाल, तेलघाणी, विणकाम, शिवणकाम, छपाईही करत होत्या. रमाबाईंनी जे मराठी बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं, त्याचे खिळे जुळवणारे हातही या बायकांचेच. आपल्या घराचा जीव ज्या अभिमानाने घेतला, तो आपल्या मुलींच्या वाट्याला येऊ नये, हे त्यांनी पक्कं ठरवलेलं दिसतं. विद्या हवीच, पण धान्य पिकवणारा हातही हवा.

1921 मध्ये मनोरमा गेली. भाषांतराचं काम संपवून 5 एप्रिल 1922 ला रमाबाई प्रभूमध्ये निजल्या. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.

भुकेल्यांना अन्न देऊन धर्म बदलायला लावलं, हा आरोप तेव्हाही झाला, आजही होतो. त्यावर चिडण्यापेक्षा आपण स्वतःला तपासावं असं मला वाटतं. अट घालून दिलेली भाकरी ही येशूची भाकरी नव्हे. पाच हजारांना जेवू घालताना त्याने कोणाकडून कसलीही कबुली घेतली नाही.

आणि हे काम 1922 ला थांबलं नाही. आपल्या शेजारच्या अहिल्यानगरात येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी दुष्काळी गावांत पाणलोटाची चळवळ उभी केली. 1993 मध्ये त्यातून वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट स्थापन झाली. समतल चर, बांधबंदिस्ती, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि गावाचं श्रमदान, असा तो मार्ग. पाऊस वाढवता येत नाही, पण पडलेला पाऊस अडवता येतो. नवी विहीर खणण्याआधी तिच्यात पाणी कुठून येणार याचा विचार, एवढंच ते पुढचं पाऊल.

आपण नाशिककर याचा विचार करणार की नाही? त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्यात पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि एप्रिल-मेमध्ये तिथल्याच बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. आपल्याला मात्र भाजी दहा मिनिटांत दारात येते. ती कुठल्या मातीतून, कोणाच्या विहिरीवर आली, हे स्क्रीनवर दिसत नाही. पिकाच्या सणाला वेदीसमोर धान्य आणि भोपळे मांडले की आपण फोटो काढतो. चांगलंच आहे. पण ते पिकवणाऱ्याच्या विहिरीत आज किती पाणी आहे, हा प्रश्नसुद्धा उपासनेचाच भाग आहे.

मननासाठी:
1. आपल्या मंडळीच्या आवारात पडणारं पावसाचं पाणी कुठे जातं? या जूनच्या आत ते जमिनीत मुरवता येईल का?
2. कोणत्या शेतकरी कुटुंबाकडून आपण तरुणसंघ मिळून थेट धान्य घेऊ शकतो, तेही घासाघीस न करता?
3. हाताने करायचं असं कोणतं काम मला कमीपणाचं वाटतं?

प्रार्थना: हे पित्या, तू आम्हाला रोजची भाकरी देतोस. ती पिकवणाऱ्यांना आम्ही विसरू नये असं कर. बुजलेल्या विहिरी उकरायला आम्हाला धीर दे, भांडणात अडकू देऊ नको, आणि सर्वांना पुरेल इतकी जागा आमच्या मनात कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.