सायकलच्या दुकानापासून किर्लोस्करवाडीपर्यंत : लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावच्या मराठी घरांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव उद्योगपती म्हणून घेतले जाते. पण त्यांची सुरुवात विक्रेता म्हणून झाली, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग नीट ओळखता येत नसल्याने त्यांनी यांत्रिक आरेखनाची वाट धरली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. हक्काची बढती डावलून दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीला रामराम ठोकला.

तोवर बेळगावात बंधू रामुअण्णांबरोबर सायकलींचा व्यवसाय सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडत, रामुअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. त्या काळी सायकल ही नवलाईची आणि महागडी वस्तू. नुसता माल दाखवून भागत नसे, वापर शिकवावा लागे. हा धडा पुढे कामी आला.

दुकानाला जोडून त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे बनवायला घेतली, मग लोखंडी नांगर. खरी परीक्षा इथेच होती. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. भांडवल अडकून पडले, तरी लक्ष्मणरावांनी नांगर सोडला नाही.

जम बसतो न बसतो तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकली विकणारा माणूस आता कामगारांच्या अख्ख्या वसाहतीचा कर्ता झाला.

माल वाढला तशी तो लोकांपर्यंत नेण्याची रीतही बदलली. पुतणे शंकरराव हे जातीचे चित्रकार. त्यांनी जाहिरातीचे काम अंगावर घेतले आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची माहिती देणाऱ्या या पत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि ते घरोघरी वाचले गेले. त्याच्या पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आज आपल्या मंडळातील कितीतरी मुले-मुली विक्री विभागात पहिली नोकरी धरतात आणि ते काम कमी दर्जाचे समजून खट्टू होतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते : ज्यांच्या नावाने एक गाव वसले, तेही गिऱ्हाइकाची समजूत घालता घालताच मोठे झाले.